काकूंना दिवाळीत नको, होळीनंतर ने

जळगाव,
कोजागरीचा दुसरा दिवस

प्रिय बाळ्या,

तीन महिने ना पत्र ना फोन. शिव्या दे, पण नंतर. माझा गुडघा आहे तसाच, बाकी ठीक.

शरद्या काल म्हणाला, तू दिवाळीला येऊन काकूंना नवी मुंबईत, कोपरखैरण्याला नेतोयस, थेट होळीपर्यंत. का, तर समुद्राच्या हवेनं दमा निवळेल. अरे भो, वर्षभरात तिकडची हवा सगळ्यात वाईट असते ती याच चार महिन्यांत!

जमीन तापली की समुद्राचा वारा सुटतो. चैत्र-वैशाखात ती लवकर तापते, वारा जोराचा येतो आणि धुराला वर पसरायला भरपूर जागा मिळते. पावसाळ्यात तर नैर्ऋत्येचा वारा नि पाऊस मिळून हवा धुऊनच काढतात. मुंबईतून मोसमी पाऊस परतायची सरासरी तारीख 8 ऑक्टोबर. तिथून सगळं फिरतं. दुपारचा खारा वारा उशिरा येतो, तोही मरगळलेला. रात्री जमीन भराभर निवते, तिला लागून असलेली हवा गार होते आणि वर कोमट हवेचं झाकण बसतं, पातेल्यावर ताट ठेवल्यासारखं. गाड्यांचा, भट्ट्यांचा, बांधकामाचा सगळा माल त्या ताटाखाली. रात्री जमिनीवरून सुटणारा मतलई वारा त्यातला थोडा समुद्रावर नेतो खरा, पण दुपारच्या वाऱ्याबरोबर तो परत हजर, भुसावळ-जळगाव अपडाऊन करणाऱ्या पासवाल्यासारखा.

त्यात तुझं घर! पूर्वेला पारसिकची टेकडी, तिच्या पायथ्याशी कारखान्यांचा पट्टा, मग ठाणे-बेलापूर रस्ता, मग तू, मग खाडी, पलीकडे मुंबई. थंडीत रात्री पूर्वेचा वारा कारखान्यांवरून तुझ्या खिडकीत. दुपारी पश्चिमेचा वारा मुंबईची हवा घेऊन येणार, आणि त्याला पुढे टेकडी आडवी. फ्लॅट घेताना म्हटलं होतं, वाऱ्याची दिशा विचार. तर म्हणे, मी काय शिडाचं जहाज घेतोय? घे आता.

इथली हवा गंगाजल आहे असं मी म्हणत नाही. वर सातपुडा, खाली अजिंठ्याचे डोंगर, मधे तापीचं खोरं. थंडीत झाकण इथंही बसतं. पौष-माघात पऱ्हाट्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्या, पेटल्या की सकाळी शेतांवर धुराची पट्टी तरंगते. जळगाव शहराचं नाव तर राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या निकष न पाळणाऱ्या शहरांत आहेच. पण काकू गावात राहतात. पऱ्हाट्या कुणी पेटवल्या ते ओट्यावरून दिसतं, आणि काकूंचा आवाज शिवारापर्यंत पोचतो. कारखान्यांच्या पट्ट्याला तू कुठून ओरडणार?

म्हणून होळीनंतर ने, मृगाआधी परत आणून सोड. तेव्हा इथं 44-45 अंश आणि धूळ. तिकडे खारा वारा. पावसात मात्र ठेवू नकोस. हवा स्वच्छ असते, पण भिंती ओल धरतात, कपाटामागे बुरशी येते, आणि दम्याला ती धुराइतकीच वाईट.

तरी आत्ताच न्यायचं ठरवलंस तर एवढं पाळ. खिडक्या दुपारी 1 ते 5 उघड्या, दिवस मावळला की बंद, सकाळी 10 पर्यंत. पहाटेचं फिरणं बंद. त्या ऐकणार नाहीत, पण दुपारी 4 ला ने. मच्छर अगरबत्ती नको, मच्छरदाणी लाव. धूप-उदबत्तीवरून भांडण होईल, ते तू भांड. हवा शुद्ध करायचं यंत्र घेणार असशील तर दुकानदाराच्या चौरस फुटांवर जाऊ नकोस. 12 बाय 10 ची खोली, उंची 10 फूट, म्हणजे साधारण 34 घनमीटर; तासाला पाच वेळा हवा फिरायची तर यंत्राची क्षमता ताशी 170 घनमीटर हवी, तीही झोपताना ज्या वेगावर चालवशील त्या वेगाला. दम्याच्या पंपाचे डोस डॉक्टरांना विचारून, शरद्याला विचारून नाही.

आणि मोबाइलवर हवेचा दर्जा सांगणारी दोन ॲप बघून घाबरू नकोस. सरकारी आकडा 24 तासांच्या सरासरीचा, म्हणजे सकाळी दिसतो तो बराचसा कालचा. काही ॲप अमेरिकी पट्टी लावतात: पीएम 2.5, म्हणजे हवेतले अगदी बारीक कण, घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम असतील तर आपल्या पट्टीवर 100, त्यांच्या पट्टीवर दीडशेच्या वर. हवा तीच. तू मागवलेली ती हवा मोजायची लेझरवाली डबी तर दमट हवेत हमखास जास्त दाखवते, कारण मिठाचे कण पाणी पिऊन फुगतात आणि डबीला ते धुराचेच वाटतात.

वहिनींच्या बढतीचं कळलं, अभिनंदन. चिंगीला दहावीच्या अभ्यासात तुझं गणित शिकवू नकोस, एवढीच विनंती. आणि भरितात टोमॅटो घालत नाहीत. हा विषय माझ्याकडून संपला.

काकूंना मी यातलं काहीच बोललेलो नाही. तूच सांग, आणि लवकर सांग. शरद्या म्हणतो, पिशवी भरून तयार आहे आणि तळाशी बामणोदची वांगी आहेत. ती होळीपर्यंत टिकणार नाहीत.

तुझा,
गण्या