कासवांच्या कामात गावाचे हात आहेत, मत कुठे आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंडी पडू लागली की आमच्या दापोली-मंडणगड पट्ट्यातील किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या अंडी घालायला येतात आणि त्याच सुमारास वृत्तपत्रांतून ‘लोकसहभागातून संवर्धन’ हे शब्दही दिसू लागतात. ते खोटे आहेत असे माझे म्हणणे नाही. मात्र या सहभागात गावाच्या वाट्याला काय आले आहे आणि कार्यालयांनी स्वतःकडे काय राखून ठेवले आहे, याबद्दल किनाऱ्यावर राहणारा मनुष्य म्हणून लिहिणे भाग वाटते.

२००२ साली चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेचे कार्यकर्ते समुद्री गरुडांच्या पाहणीसाठी मंडणगड तालुक्यातील वेळासला आले असता त्यांना वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफले दिसली आणि तेथून हे काम सुरू झाले. तोवर अंडी काढून खाणे किंवा विकणे यात कोणाला फारसे वावगे वाटत नव्हते. वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत कासवाचे नाव होते, पण रात्री दोन वाजता पुळणीवर अधिनियम फिरकत नसतो. ज्यांना अंड्यांच्या जागा अचूक ठाऊक होत्या त्यांच्याच हाती राखणीचे काम दिले गेले, हा यातील खरा शहाणपणा. पुढे २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला, पर्यटक गावकऱ्यांच्या पडवीत उतरू लागले, आणि आमटी-भात वाढणाऱ्या घरधनिणीलाही कासव जगले पाहिजे असे मनापासून वाटू लागले. वन विभाग आणि खारफुटीच्या रक्षणासाठी २०१२ मध्ये स्थापन झालेला कांदळवन कक्ष यांनी हे काम पुढे अनेक किनाऱ्यांवर नेले, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

याच्या उलट उदाहरणही कोकणातच आहे. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये अधिसूचित झाले. ज्यांच्या होड्या रोज त्या पाण्यात जातात त्या मच्छीमारांना विश्वासात न घेता नकाशावर रेघ ओढली गेली, आणि त्यातून उठलेल्या विरोधाची धग पुढे कित्येक वर्षे विझली नाही.

आता कासवमित्राचे, म्हणजे अंडी राखणाऱ्या गावकऱ्याचे, काम नेमके काय असते ते सांगतो, कारण महोत्सवाला येणाऱ्यांना दिसते ती पिल्ले सोडण्याची दहा मिनिटे. हा मनुष्य पहाटे तीन-साडेतीनला विजेरी घेऊन किनाऱ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालतो. मादी येऊन गेली असेल तर वाळूवर ट्रॅक्टरचे चाक फिरल्यासारखा माग दिसतो. तो माग जिथे वळतो तिथे काठी हलकेच टोचत जायचे. जिथे वाळू भुसभुशीत लागते तिथे हाताने उकरायचे. कोपर आत जाईपर्यंत उकरले की टेबल टेनिसच्या चेंडूएवढी ओलसर अंडी लागतात. शंभर, सव्वाशे, कधी त्याहून जास्त. ती न फिरवता, त्याच घरट्यातील वाळू तळाशी घालून बादलीत ठेवायची, जाळीच्या कुंपणातील हॅचरीत, म्हणजे अंडी उबवण्याच्या जागेत, माठाच्या आकाराचा तेवढ्याच खोलीचा खड्डा काढून त्यात पुरायची आणि वर तारीख व संख्येची पाटी लावायची. त्यानंतर पंचेचाळीस ते साठ दिवस कोल्हे, कुत्रे आणि खेकडे यांच्यापासून ती राखायची. एवढे करून आमच्या गावातील कासवमित्राचे एका हंगामाचे मानधन त्याच्या हाती पडले ते लावणी उरकल्यावर. विचारणा केली तेव्हा ‘निधी वरून आला नाही’ एवढेच उत्तर मिळाले.

समुद्रातील गोष्ट याहून निराळी नाही. जाळ्यात अडकलेला संरक्षित सागरी जीव जाळे कापून सुखरूप सोडणाऱ्या मच्छीमाराला कमाल २५,००० रुपये भरपाई देण्याची योजना वन आणि मत्स्यव्यवसाय या दोन विभागांनी २०१८च्या अखेरीस आणली. योजना उत्तम आहे, आणि तिच्यामुळे अनेक तांडेल (होडीचे प्रमुख) जाळ्यावर सुरी चालवताना पूर्वीइतके कचरत नाहीत. पण माझ्या पुतण्याने गेल्या हंगामात पुढचा पर जाळ्यात गुंतलेले कासव सोडवले, खलाशाने मोबाइलवर त्याचे चित्रीकरण केले, आणि तरीही अर्ज परत आला. कारण कापलेल्या जाळ्याचे वेगळे छायाचित्र जोडलेले नव्हते. हलत्या होडीत, अंधारात, एका हाताने कासव धरलेले असताना कोणती छायाचित्रे लागतात याची यादी कोणाच्या खिशात असते? अर्जाचा नमुना ठरवताना एखाद्या तांडेलाला शेजारी बसवले असते तर हा प्रश्न उद्भवलाच नसता.

माझा मुद्दा हाच आहे. राबण्याच्या जागी गाव आहे, ठरवण्याच्या जागी नाही. धूपप्रतिबंधक बंधारा कुठे घालायचा, किनाऱ्यालगत दिव्यांचे खांब किती उभारायचे, सुरूची रोपे भरतीरेषेच्या किती जवळ लावायची, हे सारे निर्णय कासवांवर थेट परिणाम करतात. दगडी बंधाऱ्यावर मादी चढू शकत नाही आणि प्रखर दिव्यामुळे पिल्ले समुद्राऐवजी रस्त्याकडे वळतात. तरीही एक खाते बंधारा घालते, दुसरे रोपे लावते, तिसरे अंडी गोळा करायला सांगते, आणि या तिघांना एकत्र पाहणारा फक्त तो पहाटेचा कासवमित्र असतो, ज्याला कोणी विचारत नाही.

त्यासाठी नवा कायदा करण्याची गरज नाही. जैवविविधता अधिनियम, २००२ नुसार ग्रामपंचायत पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. बहुतेक ठिकाणी ही नोंदवही एकदा भरली गेली आणि कपाटात गेली. किनारी गावांच्या समितीत कासवमित्र आणि मच्छीमार सोसायटीचा प्रतिनिधी यांना जागा द्यावी, विणीच्या जागा त्या नोंदवहीत दर हंगामाला नोंदवाव्यात, आणि किनाऱ्यावरील कोणत्याही बांधकामाच्या प्रस्तावासोबत त्या पानांची प्रत जोडणे संबंधित खात्यावर बंधनकारक करावे. मानधन दरमहा थेट खात्यात जमा व्हावे, हे तर सांगायलाही नको.

अशा नोंदींना किंमत असते याचा पुरावा गुहागरने दिला आहे. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर ओळखीचा टॅग (क्रमांकाची पट्टी) लावलेली मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालायला आली. पूर्व किनाऱ्यावरील कासवे पश्चिमेकडे येऊन विणतात, हे त्या रात्री वाळूवर कोणी जागे होते म्हणून कळले.

येत्या हंगामापूर्वी किनारी तालुक्यांतील ग्रामसभांपुढे वन आणि मत्स्यव्यवसाय विभागांच्या अधिकाऱ्यांनी एकत्र बसून हा विषय मांडावा, एवढी विनंती आपल्या वृत्तपत्राद्वारे करतो. पुतण्याचा परत आलेला अर्ज मीही त्या सभेला घेऊन येईन.

आपला,
एक वाचक
ता. दापोली, जि. रत्नागिरी