स्मॅशरचा खांदा

बेळगाव

प्रिय बाळू,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या व्हॉलीबॉलच्या पोरांचे खांदे आखडलेत म्हणून सगळ्यांना सरसकट ताण द्यायला लावू नकोस, आधी खांदा किती वळतो ते मोज. स्मॅशरचा मारता हात मागे जास्त वळतो आणि आत कमी. कोवळ्या वयापासून मारून मारून दंडाचं हाडच थोडं पिळलेलं राहतं, त्याला आजार समजायचं नाही.

पोराला बाकड्यावर उताणं झोपव. दंड खांद्याच्या रेषेत बाजूला, कोपर काटकोनात, मनगट वर. एकाने खांदा पुढून दाबून धरायचा, नाहीतर तो उचलला जातो आणि कोन खोटा येतो. हात डोक्याकडे किती झुकतो (मागचं वळण), पायांकडे किती (आतलं वळण), ते मोबाइलच्या कोनमापकावर बघ. दोन्हींची बेरीज डाव्या-उजव्याला सारखी आली तर काही करू नकोस. मारत्या हाताची बेरीज ५ अंशांहून जास्त कमी भरली आणि आतलं वळणही दुसऱ्या हातापेक्षा २० अंशांच्या आसपास घटलेलं असलं, तरच मागची बाजू सैल कर: मारत्या हाताच्या कुशीवर पडून, अंग जरा मागे कलवून, दंड समोर आणि कोपर काटकोनात ठेवून, दुसऱ्या हाताने मनगट हलकेच जमिनीकडे दाबायचं, ३० सेकंद, तीनदा. खांद्याच्या पुढे चिमटा बसला तर तिथेच थांबायचं.

खरी कमतरता मागच्या ताकदीत असते. चेंडू मारल्यावर सुटलेला हात मागचे छोटे स्नायूच आवरतात. नेटच्या खांबाला सायकलची ट्यूब बांध, कोपर आणि बरगड्यांच्या मध्ये टॉवेलची गुंडाळी, हात बाहेर ओढायचा आणि ३-४ सेकंद घेत परत सोडायचा. १५ चे तीन फेरे, आठवड्यातून तीनदा, मॅचच्या आधी कधीच नाही. पोरं सोडताना झटका देतात, आणि सगळा फायदा त्या सोडण्यातच आहे. लटकता वजनकाटा लावून ताकदही मोजता येते: आत १२ किलो ओढणाऱ्याने बाहेर ८-९ तरी ओढायला हवेत.

आणि एकदा सगळ्यांना शर्ट काढून पाठमोरं उभं कर. फऱ्याच्या (खांद्यामागच्या पसरट हाडाच्या) उंचवट्याखाली मारत्या बाजूला खळगा दिसला तर तिथली नस दाबली जातेय. विशेषतः फ्लोट सर्व्हिसवाल्यांकडे, म्हणजे चेंडू न फिरवता तरंगत सोडणाऱ्यांकडे बघ. दुखत नाही म्हणून पोरगं सांगणार नाही. त्याला बेळगावला डॉक्टरांकडे पाठव, ट्यूब ओढून हे भरून येत नाही.

तुमच्या खानापूरकडे पावसात मैदान बंद असतं आणि गणपती झाले की पोरं पहिल्याच दिवशी जीव खाऊन मारतात. खांदे तिथेच जातात. पहिले दोन आठवडे स्मॅश मोजून दे, आणि ट्यूबचं काम मात्र आषाढातच सुरू कर.

वहिनींना नमस्कार. मोजलेले आकडे कळव.

तुझा मित्र