टीव्हीवर पंचा टाकणाऱ्या काकांना

काका, नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही. फोंड्यात ज्यांनी कधी व्हीसीआर दुरुस्त करून घेतला असेल, ते ओळखतीलच.

२ ऑगस्ट १९९० ला इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्या तेव्हा आम्ही साल्मियाच्या फ्लॅटमध्ये होतो. मी सहा वर्षांचा. पडदे ओढून बाबांनी घरातच थोडं शूटिंग केलं. ती एकुलती एक कॅसेट दुधाच्या पावडरीच्या डब्यात लपून बगदाद, अम्मान आणि मुंबई करत डिचोलीला पोचली. अम्मानहून एअर इंडियाने तेव्हा लाखाच्या वर भारतीयांना आणलं, त्यात आम्ही चौघं. पुढे बाबा गेले, कॅसेट कपाटात राहिली आणि आपल्या पावसाने तिला बुरशी चढवली.

मी कुवेतमध्ये अडकलेल्या गोंयकार कुटुंबांवर माहितीपट करतोय, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्याआधी एका स्टुडिओने 'कचऱ्यात टाका' म्हणून सांगितलं. दुसऱ्याने चार महिने ठेवून घेतली आणि होती तशी परत दिली, फोन मीच करायचे. पैसे देऊ शकणाऱ्या एका गृहस्थांनी तर विचारलं, "यात युद्ध कुठे आहे? बाई कणीक मळतेय फक्त." अहो, तेच तर! कुवेती दिनार इराकी दिनाराच्या बरोबरीला आणून ठेवला, साठवलेल्या पैशांची माती झाली, आणि घरात पीठ किती उरलंय यावर दिवस मोजले जायचे. रणगाडे सगळ्यांनीच दाखवले.

तुम्ही टेप कशी साफ केलीत ते मला कळलेलं नाही, कळणारही नाही. पण त्या संध्याकाळी मी दुकानात आलो तेव्हा व्हीसीआर चालू होता, कॉम्प्युटरवर कॉपी होत होती, आणि टीव्हीवर तुमचा चौकड्यांचा पंचा टाकलेला. आवाज बंद. तुम्ही टीव्हीकडे पाठ करून पेपर वाचत बसलेले. टेप अडकली तर मशीनच्या घरघरीवरून कळतं म्हणालात. मी पंचा उचलायला गेलो तर हात धरलात. "पयलीं आवयक पळोवंदी." आधी आईला बघू दे.

काका, मी बारा वर्षं कॅमेरा चालवतोय. बोलता बोलता कुणी रडायला लागलं की मी झूम करतो, तोच शॉट सगळ्यांना आवडतो. तुम्हाला तर ती माणसं दोन मिनिटंही बघायची नव्हती, का तर ती कुणाच्या तरी घरातली होती. घरी जाताना बोरी पुलावर गाडी बाजूला घेऊन थोडा वेळ बसलो.

तीनशे रुपये घेतलेत ते बरं केलंत. फुकट केलं असतंत तर मला पुन्हा यायला लाज वाटली असती. अजून दोन कुटुंबांच्या कॅसेटी आहेत.

आईने रविवारी बघितली. पडद्यावर ती कणीक मळतेय आणि कॅमेऱ्यामागून बाबांचा आवाज येतो, "आता तीन मापं उरली." सतरा वर्षांनी तो आवाज. मी कॅमेरा लावलाच नव्हता. आई बघत राहिली, मग हळूच हसली. "तीन कसली! पाच होती. दोन मी पलंगाखाली लपवलेली, त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही."