यादी माझी, नंबर दुसऱ्यांचे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मोबाइलच्या सुरक्षेविषयी वर्तमानपत्रांत वरचेवर सल्ले येतात. मी ते वाचते आणि पाळतेही. ओटीपी कुणाला सांगू नका, अनोळखी लिंक उघडू नका, एकच पासवर्ड सगळीकडे वापरू नका. सगळ्यांचा रोख स्वतःला जपण्यावर असतो. आपल्या हातून दुसऱ्याची माहिती कशी बाहेर पडते, यावर क्वचितच कुणी लिहितं. माझ्या हातून ती पडली, म्हणून हे पत्र.

माझ्या एका मैत्रिणीला एक माणूस सतत फोन करून छळत होता. शेवटी तिने नंबर बदलला आणि नवा नंबर अगदी मोजक्या माणसांना दिला. त्यांत मी होते. जुन्या नंबराशी गल्लत नको म्हणून मी तो फोनमध्ये घालताना तिच्या नावापुढे 'नवा' असं लिहिलं आणि तिच्या ऑफिसचं नावही जोडलं. त्या नावात माझ्याकडून एक अक्षर चुकलं, ते तसंच राहिलं. पुढे काही महिन्यांनी, कुणाचा फोन येतोय ते दाखवणारं एक ॲप मी घेतलं. त्याने संपर्क यादी वाचायची परवानगी मागितली. मी 'अलाऊ'वर बोट टेकवलं आणि विसरून गेले.

मग एक दिवस मैत्रिणीने जुनं कपाट विकायला काढलेल्या एका गृहस्थांना फोन लावला. त्यांनी तिचं नाव घेऊनच फोन उचलला, वर "तुम्ही त्या ऑफिसात असता ना?" असंही विचारलं. तुम्हाला कसं कळलं म्हटल्यावर ते म्हणाले, "स्क्रीनवर येतंय की." तिने गळ घातली तेव्हा त्यांनी स्क्रीनशॉट पाठवला. त्यात तिचं नाव होतं, पुढे 'नवा', आणि ऑफिसच्या नावात माझं ते चुकलेलं अक्षर. तिने तो मला दाखवला. रागावली नाही. एवढंच म्हणाली, "अगं, मी नंबर तुला दिला होता."

तिला छळणाऱ्या माणसापर्यंत तो नंबर पोचला की नाही, हे कळायला काही मार्ग नाही. ती टांगती तलवार तिच्या डोक्यावर माझ्यामुळे आहे.

तेव्हापासून हा प्रकार समजून घेण्याच्या मागे लागले आहे. लाखो लोकांच्या संपर्क याद्या एकत्र करून असे नावांचे साठे तयार होतात. आपण त्या याद्यांत काय काय लिहून ठेवतो, ते एकदा आपापला फोन उघडून पाहावं. माझ्याच फोनमध्ये एका बाईंच्या नावापुढे 'उचलू नये' होतं, एकांच्या पुढे 'पैसे बाकी', आणि एका डॉक्टरांच्या पुढे आजाराचं नाव. हे शेरे मी स्वतःपुरते लिहिले होते. ज्यांनी जन्मात स्मार्टफोन हातात धरला नाही अशी वडीलधारी माणसंही त्या यादीत होती, काहींची तर जन्मतारीख आणि पत्त्यासकट. त्यांना कुणी विचारलं होतं?

ही भीती काल्पनिक नाही. जून २०१३ मध्ये फेसबुकच्या यंत्रणेतला एक बिघाड उघड झाला. सुमारे ६० लाख लोकांचे फोन नंबर किंवा ईमेल त्यामुळे इतरांच्या हाती पडले होते. ती माहिती दुसऱ्या वापरकर्त्यांनी चढवलेल्या संपर्क याद्यांतून जमा झाली होती, म्हणजे माणसाने स्वतः न दिलेला नंबरही त्याच्या नावाला जोडला जात होता. २०१८ मध्ये केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीचं प्रकरण गाजलं. त्यातलं प्रश्नावलीचं ॲप घेतलं होतं सुमारे २ लाख ७० हजार लोकांनी. माहिती गेली ती फेसबुकच्याच अंदाजानुसार ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची, कारण ते ॲप मित्रांचीही माहिती ओढत होतं. २०२३ मध्ये 'ट्वेंटीथ्री अँड मी' या डीएनए तपासणाऱ्या कंपनीची सुमारे १४ हजार खाती चोरट्यांनी दुसरीकडून फुटलेले पासवर्ड वापरून उघडली. नातेवाईक शोधून देणाऱ्या सुविधेमुळे त्यांना सुमारे ६९ लाख लोकांची माहिती दिसली. त्या लाखो लोकांनी पासवर्ड कितीही जपला असता तरी काय उपयोग होता?

काही कंपन्या सांगतात की नंबर जसेच्या तसे नेत नाही, त्यांचा सांकेतिक ठसा करून पाठवतो. पण फोन नंबर मोजकेच असतात. सगळ्या शक्य नंबरांचे ठसे आधीच काढून ठेवले की ठशावरून नंबर ओळखणं संगणकाला जड जात नाही.

कायद्याकडे पाहिलं, तर २५ मे २०१८ पासून लागू झालेला युरोपचा जीडीपीआर हा वैयक्तिक माहिती जपण्यासाठीचा, कडक मानला जाणारा कायदासुद्धा माणसाच्या निव्वळ खासगी वा घरगुती व्यवहाराला लागू होत नाही. ते योग्यही आहे, मैत्रिणीचा नंबर लिहून ठेवला म्हणून कुणी कोर्टात जाऊ नये. पण कंपनीला ती सूट नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये आयर्लंडच्या नियामकाने व्हॉट्सॲपला २२ कोटी ५० लाख युरोंचा दंड ठोठावला. माहितीचं काय करतो हे लोकांना नीट न सांगितल्याचा ठपका होता, आणि त्या लोकांत व्हॉट्सॲप न वापरणारेही धरले होते. जे ग्राहकच नाहीत त्यांनाही हक्क आहे, हे तिथे मान्य झालं. मला ते फार महत्त्वाचं वाटतं.

माझं मागणं मोठं नाही. ॲपला एका माणसाशी काम असेल तर एकच नंबर मागावा, सगळी यादी मागू नये. हे जमण्यासारखं आहे: २०२४ च्या आयओएस १८ पासून आयफोनवर यादीतले निवडक संपर्कच ॲपला देता येतात. मग उरलेल्यांकडून हे सक्तीने का करून घेऊ नये? आणि आपण वर्तमानपत्रवाल्यांनी 'स्वतःला जपा'च्या सल्ल्यांत एक ओळ वाढवावी, की परवानगीची खिडकी उघडली की आपल्या यादीतल्या सगळ्यात घाबरलेल्या माणसाची आठवण काढा. मी तेव्हा काढली असती तर 'नको' म्हटलं असतं.

ते ॲप मी काढून टाकलं, परवानग्याही बंद केल्या. पण चढलेली यादी त्याने परत येत नाही. मैत्रिणीचं नाव तिथून काढावं म्हणून मी कंपनीला लिहिलं. उत्तर आलं, की ही विनंती ज्याचा नंबर त्यानेच करायला हवी. त्यासाठी तिने त्यांच्या फॉर्ममध्ये आपला नवा नंबर स्वतः भरायचा आणि त्यावर आलेला ओटीपी त्यांना द्यायचा. तो फॉर्म गेले आठ दिवस तिच्याकडे तसाच पडून आहे. भर, असं तिला सांगायचं धाडस मला झालेलं नाही.

आपली,
एक वाचक