टाचण्यांचं पत्र वाचायला मिळालं, त्याबद्दल आभार

१७७५ साली ॲबिगेल ॲडम्सने फिलाडेल्फियात असलेल्या नवऱ्याला, पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉनला, टाचण्या धाडायला सांगितलं. साडेसात शिलिंगांच्या टाचण्या आता वीसलाही मिळत नाहीत, असं तिने लिहिलंय. पुढे जॉन युरोपातून माल पाठवायचा, ती तो विकून घर चालवायची. दोघांची अकराशेहून जास्त पत्रं आहेत. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीत बसून ती एकेक अक्षर लावत उतरवून काढणाऱ्यांनो, तुमची नावं मला ठाऊक नाहीत. तुमच्यामुळे मी ही पत्रं घरबसल्या वाचली. मनापासून आभार! तिचं स्पेलिंग तुम्ही सुधारलं नाहीत, त्याबद्दल तर फारच. शाळेत न गेलेल्या त्या बाईचा आवाज त्यातच ऐकू येतो. आणि अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीत ती पत्रं पोचवणाऱ्या अनोळखी हातांनो, तुमचेही.