संक्रांतीच्या दिवशीचे दान

लंडन,
मकर संक्रांत

तीर्थरूप मामांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

तिळगूळ टपालाने पाठवता येत नाही, म्हणून हे पत्र पाठवीत आहे. निमित्तही संक्रांतीचेच आहे.

तुम्ही बेळगाव सोडून कोल्हापुरास गेल्याला आता बरीच वर्षे झाली. तरी सुट्टीत आजोळी आलो की तुम्ही मला सायकलच्या नळीवर बसवून किल्ल्यात नेत असा, हे तुम्हांस आठवत असेल. वेशीजवळच्या दुर्गादेवीला व गणपतीला हात जोडून आपण कमल बस्तीत, म्हणजे किल्ल्यातील जुन्या जैन मंदिरात, जात असू. मंडपाच्या छतातून उलटे लोंबणारे ते दगडी कमळ पाहताना माझी मान दुखून येई, आणि तुम्ही त्याच्या बहात्तर पाकळ्या मोजायला सांगत असा. पुढे पायरीवर बसून तुम्ही गोष्ट सांगत असा, ती एकशे आठ मुनी वणव्यात जळाल्याची आणि राजाने प्रायश्चित्त म्हणून तितक्याच बस्त्या बांधल्याची. ती मी इतकी वर्षे इतिहास म्हणूनच धरून बसलो होतो.

त्याच किल्ल्यातील दोन शिलालेख येथे ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात आहेत, हे मला गेल्या महिन्यात कळले. लायोनेल बार्नेट या अभ्यासकांनी त्यांचे वाचन व भाषांतर ‘एपिग्राफिया इंडिका’ या शिलालेखांच्या ग्रंथमालेच्या तेराव्या खंडात छापले आहे. तो खंड ग्रंथालयातून मागवून दोन शनिवार मी तेवढेच वाचले. मूळ लेख कन्नडमध्ये आहे. बेळगावच्या शाळेत सक्तीचे म्हणून कुरकुरत शिकलेले कन्नड असे उपयोगी पडेल असे वाटले नव्हते. अर्थात हळेगन्नडापुढे, म्हणजे जुन्या कन्नडापुढे, ते चार ओळींतच थकले, आणि मी मुकाट्याने भाषांतराकडे वळलो.

लेखात वणवा नाही आणि एकशे आठ मुनीही नाहीत. सौंदत्तीच्या रट्ट घराण्यातील चौथा कार्तवीर्य राज्य करीत असताना त्याचा मंत्री बीचण याने वेणुग्रामात, म्हणजे आपल्या बेळगावात, ‘रट्ट जिनालय’ बांधविले आणि राजाने शुभचंद्र भट्टारक या जैन आचार्यांच्या हाती त्याच्या खर्चासाठी दान सोपविले, एवढेच त्यात आहे. मला मात्र राजापेक्षा बाजाराचा भाग अधिक वाचावासा वाटला, कारण जिनालयाला मालावरचा हिस्सा लावून देणाऱ्यांत गावच्या व्यापाऱ्यांबरोबर लाट देशाचे, म्हणजे दक्षिण गुजरातचे, आणि मलयाळी व्यापारीही आहेत. बेळगाव मुळात कोणाचे, यावर आपल्या ओसरीवर होत असलेले वाद आठवले आणि हसू आले.

आता तिथी सांगतो. शके 1127, रक्ताक्षी संवत्सर, पौष शुद्ध द्वितीया, शनिवार, उत्तरायण संक्रमण. म्हणजे हे दान संक्रांतीच्या पर्वकाळी सोडले गेले. इकडच्या कालगणनेप्रमाणे तो दिवस 25 डिसेंबर 1204 येतो. त्या काळी संक्रांत इतकी लवकर पडत असे, आणि इंग्लंडात त्या दिवशी नाताळ चालू असणार. वार खरा की लेखनिकाची चूक, हे मी स्वतः मोजून पाहिले. शनिवारच निघतो.

तुमची गोष्ट खोटी ठरली असे मी म्हणत नाही. लेख एका जिनालयाबद्दल बोलतो, आणि किल्ल्यातील इतर बस्त्या कशा पडल्या व त्यांचे दगड पुढे कोठे गेले हे विचारण्याची त्या गोष्टीशिवाय मला बुद्धीच झाली नसती. पण ती तुम्ही कोणाकडून ऐकलीत? आजोबांकडून, की शहापुरातील एखाद्या जैन शेजाऱ्याकडून? आठवेल तसे, आठवेल त्या शब्दांत लिहून पाठवावे. माझ्याकडे दगडावरचे उतरवून झाले आहे, तुमच्या तोंडचे मात्र अजून कोठेच लिहिलेले नाही.

मामींना नमस्कार. त्यांनी पाठविलेला मेतकुटाचा डबा संपत आला आहे.

आपला भाचा