बनावट नोटेची तपासणी गल्ल्यावरच हवी

महोदय,

बनावट नोट बँकेत पकडली गेली की तिचा एक पैसाही परत मिळत नाही. रोखपाल शिक्का मारून ती जप्त करतो. पोचपावती मात्र आठवणीने मागून घ्यावी. एका व्यवहारात चारपर्यंत नोटा निघाल्या तर पोलिसांकडे मासिक एकत्रित अहवाल जातो, पाच किंवा अधिक असतील तर थेट एफआयआर.

सगळा तोटा शेवटच्या माणसाच्या माथी, म्हणून संशयास्पद नोट गुपचूप पुढे सरकवण्याचा मोह होतो. जाणूनबुजून खपवणे हा गुन्हा आहेच, पण भुर्दंड बहुधा भाजीवालीला किंवा रिक्षावाल्याला बसतो. 2024-25 मध्ये बँकिंग व्यवस्थेत 500 रुपयांच्या सुमारे 1.18 लाख बनावट नोटा सापडल्या. हा आकडा पकडलेल्यांचा आहे, बाजारात फिरणाऱ्यांचा नाही.

तपासायला दहा सेकंद पुरतात. 500 ची नोट तिरकी करा: सुरक्षा धागा हिरव्याचा निळा व्हायला हवा. नकली धागा नुसता चमकतो, रंग बदलत नाही. दोन्ही कडांच्या पाच तिरप्या रेषांवरून अंगठा फिरवा, उठाव जाणवतो. (जुन्या, मळक्या नोटेवर तो झिजलेला असतो, त्यामुळे एवढ्यावरच विसंबू नये.) गांधीजींचा जलचिन्हातील चेहरा उजेडासमोर धरल्यावरच स्पष्ट दिसावा, न धरताच ठळक दिसला तर तो वरून छापलेला समजा.

बँकांनी आठवडी बाजारांत जाऊन विक्रेत्यांना हे खऱ्या नोटा हातात देऊन शिकवावे. भिंतीवरचे फलक पुरेसे नाहीत.

– एक निवृत्त रोखपाल, सांगली